घरच्या खोलीत हेवी ऱ्हिदम गिटार: थर कसे चढवायचे, डावं-उजवं कसं करायचं

रिहर्सलला जो रिफ (गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा) अंगावर येतो, तोच घरी लॅपटॉपवर रेकॉर्ड केला की पातळ आणि लांबून आल्यासारखा का वाजतो, हा प्रश्न कोल्हापुरातल्या नव्या बँडची पोरं सारखी विचारतात. बहुतेकांचा इलाजही ठरलेला असतो: "गेन वाढीव की भावा!" गेन म्हणजे अँपमध्ये आवाज फाडायचं प्रमाण. तरी पातळच वाटलं, तर ट्रॅक कॉपी करायचा आणि अजून गेन वाढवायचा. शेवटी रिफ ओळखू येत नाही, नुसती घरघर ऐकू येते.

हेवी गाण्यातली भिंत उभी राहते ती एकच भाग दोनदा, दोन्ही वेळा खराखुरा वाजवून. एक टेक (एकदा वाजवून केलेलं रेकॉर्डिंग) पूर्ण डाव्या कानात, दुसरा पूर्ण उजव्या कानात, आणि दोन्ही काटेकोर जुळलेले. बाकी सगळं या एका गोष्टीच्या सोयीसाठी करायचं असतं.

मी स्टुडिओ गृहीत धरत नाही. राजारामपुरीतली किंवा मंगळवार पेठेतली एक खोली आहे, दार लावून घेता येतं आणि आवाज वाढवला की खालून हाक येणार आहे, एवढंच धरलंय. म्हणून अँपसमोर माइक लावण्याऐवजी गिटार थेट इंटरफेसमध्ये घालून सॉफ्टवेअरमधला अँप वापरायची पद्धत सांगतो. तुमच्याकडे खरा अँप आणि तो वाजवायची जागा असेल, तरी थर आणि पॅनचे (आवाज डावीकडे-उजवीकडे टाकण्याचे) नियम बदलत नाहीत.

लागणारं सामान

- गिटार, शक्यतो ब्रिजजवळ हंबकर पिकअप (दोन कॉइलचा, गुणगुण कमी करणारा) असलेली. सिंगल कॉइलवर हेवी वाजवता येतं, पण गुणगुण सांभाळता सांभाळता वैताग येतो.
- नव्या तारांचा सेट आणि एक जास्तीचा.
- जाड पिक, १ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक.
- ऑडिओ इंटरफेस. एका इनपुटचा साधाही चालतो, फक्त त्यावर इन्स्ट्रुमेंट इनपुट हवा.
- चांगली, फार लांब नसलेली केबल.
- कान पूर्ण झाकणारा वायरचा हेडफोन. ब्लूटूथ नको, त्यात आवाज इतका उशिरा पोचतो की तालात वाजवणं अशक्य होतं.
- ट्यूनर. सॉफ्टवेअरमधलाही चालेल.
- रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. सुरुवातीला रीपर घ्या. ६० दिवस वापरून बघता येतं आणि वैयक्तिक वापराचं लायसन्स ६० डॉलरला मिळतं.
- अँप सिम्युलेटर. न्यूरल अँप मॉडेलर फुकट आहे. इग्नाइट अँप्सचा एमिसरी आणि कॅबिनेटसाठी त्यांचाच नॅडआयआर, हेही फुकट आहेत. पैसे खर्च करायची घाई नको.
- तालाचा ट्रॅक: प्रोग्रॅम केलेले ड्रम किंवा निदान क्लिक (मेट्रोनोमची टिकटिक).

१. आधी गिटार नीट करा

एका गिटारचा बेसूरपणा खपून जातो. दोन कानांत दोन टेक वाजू लागले की तो उघडा पडतो, कारण दोन टेक एकमेकांशी बेसूर होतात आणि कॉर्ड हलायला लागते. म्हणून रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी नव्या तारा घाला, हाताने ताणून बसवा आणि इंटोनेशन तपासा. मोकळी तार आणि बाराव्या फ्रेटवर दाबलेली तीच तार, दोन्ही ट्यूनरवर बरोबर आल्या पाहिजेत.

खाली ट्यून करत असाल, तर तारांची जाडी बदलावी लागते. ड्रॉप सी मध्ये सहावी तार दोन पूर्ण स्वर खाली येते. १० ते ४६ चा (आकडे इंचाच्या हजाराव्या भागात) नेहमीचा सेट तिथे इतका सैल पडतो की जोरात फटका मारला की स्वर आधी वर उडतो आणि मग खाली येतो. ११ ते ५४ च्या आसपासचा सेट घ्या. दुकानात ९ आणि १० चे सेट सहज मिळतात, त्याहून जाड हवा असेल तर आधी फोन करून विचारा किंवा ऑनलाइन मागवा. तारा जाड केल्यावर नेक आणि इंटोनेशन पुन्हा बघावं लागतं, हे विसरू नका.

ट्यून करताना तार हळूच छेडू नका. गाण्यात जितक्या जोराने मारणार, तितक्याच जोराने मारून ट्यून करा. प्रत्येक टेकनंतर पुन्हा ट्यून करा, "आत्ताच केलं होतं" म्हणू नका. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की लाकूड फुगून नेक हलतो. पावसाळ्यात काम काढलंच, तर गिटार आदल्या रात्रीपासून त्याच खोलीत ठेवा.

२. वीज आणि गुणगुण

हेवी गेन म्हणजे बारीकातला बारीक आवाज प्रचंड मोठा करणं. त्यात विजेची ५० हर्ट्झची गुणगुण आणि तिच्या पटीतले १००, १५० हर्ट्झचे आवाजही येतात. घर उद्यमनगरच्या आसपास असेल, तर लेथ आणि वेल्डिंगचा त्रास भिंतीतून येतो तसा वायरीतूनही येतो. अशा ठिकाणी रात्री किंवा कारखाने बंद असतील तेव्हा रेकॉर्ड करा.

बाकी उपाय साधे आहेत. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. पुष्कळदा तिथेच निम्मी गुणगुण जाते. ट्यूबलाइट, पंख्याचा डिमर आणि मोबाइल लांब ठेवा. खुर्ची गोल फिरवत गिटारची दिशा बदला, एका कोनात आवाज सर्वांत कमी होतो. तिथेच बसून वाजवा, आणि दोन्ही टेक त्याच कोनातून घ्या.

कुणी सांगेल की प्लगची अर्थिंगची पिन काढ, गुणगुण जाते. असलं काही करू नका. गिटारच्या तारा तुमच्या हातात असतात आणि अर्थिंग नसताना बिघाड झाला तर शॉकने जीव जाऊ शकतो. तारांना हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटत असेल, तर वाजवणं थांबवा आणि वायरमनला बोलावून घराचं अर्थिंग तपासून घ्या.

३. सेशन लावणं

सॅम्पल रेट ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ, बिट डेप्थ २४. एकदा ठरवलं की गाणं संपेपर्यंत बदलायचं नाही. वाजवताना बफर (सॉफ्टवेअर एका वेळी किती सॅम्पल साठवून पुढे देतं तो आकडा) १२८ किंवा ६४ ठेवा. ४८ किलोहर्ट्झला १२८ चा बफर म्हणजे एका बाजूने पावणेतीन मिलिसेकंदाचा उशीर. जाऊन-येऊन आणि बाकीचं धरून तो वाढतो, पण वाजवता येतं. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा एसिओ ड्रायव्हर (उशीर कमी करणारा) टाका. मिक्सिंगच्या वेळी बफर ५१२ किंवा १०२४ करा.

केबल इन्स्ट्रुमेंट इनपुटला लावा, लाइनला नाही. लाइनला लावली की गिटार मऊ आणि निर्जीव वाजते आणि लोक गिटारला दोष देतात. सर्वांत जोराचा फटका मारला तरी लेव्हल उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहिली पाहिजे. २४ बिटमध्ये कमी लेव्हलने काही बिघडत नाही. लाल दिवा लागला तर मात्र तो टेक गेला. इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर बंद ठेवा, नाहीतर अँपच्या आवाजात कोरडी टणटण मिसळून ऐकू येते.

रेकॉर्ड होतो तो कोरडा सिग्नल, म्हणजे डीआय. अँप हा त्यावर फक्त ऐकण्यापुरता बसवलेला असतो. म्हणून टोन नंतर हवा तेव्हा बदलता येतो. वाजवणं मात्र नंतर बदलता येत नाही.

४. टोन: गेन जेवढा वाटतो त्यापेक्षा कमी

साखळी अशी लावा: नॉइज गेट (वाजवत नसताना गुणगुण बंद करणारा), त्यापुढे ट्यूब स्क्रीमरसारखा ओव्हरड्राइव्ह, मग अँप, मग कॅबिनेटचा आयआर (इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे स्पीकर आणि माइकच्या आवाजाची साठवलेली छाप). ओव्हरड्राइव्हचा ड्राइव्ह शून्यावर किंवा त्याच्या आसपास, लेव्हल वर, टोन मध्यावर. इथे तो आवाज फाडण्यासाठी लावलेला नसतो. तो खालचा बास अँपमध्ये शिरण्याआधीच छाटतो आणि मधल्या पट्ट्याला थोडं पुढे ढकलतो. न छाटलेला बास अँपमध्ये गेला की पाम म्यूट (तळहाताची कड तारांवर टेकवून वाजवलेले दबके फटके) फुगतात आणि दोन म्यूटमधली फट भरून जाते.

आयआर एकच निवडा. ४ स्पीकरचं कॅबिनेट, त्यात सेलेशन व्हिंटेज ३० आणि समोर शूर एसएम ५७ माइक, हे या संगीतातलं जुनं आणि खात्रीचं जोडकाम आहे. या नावाचे आयआर फुकटही सापडतात. चारपाच आयआर एकमेकांत मिसळत बसण्यात संध्याकाळच्या संध्याकाळी वाया जातात. अँपचे सगळे नॉब फिरवूनही आवाज बसत नसेल, तर आधी आयआर बदलून बघा. तिथेच सर्वांत मोठा फरक पडतो.

आता गेन. एकटी गिटार ऐकून जिथे छान वाटतो तिथपर्यंत न्या आणि तिथून चतुर्थांश खाली आणा. एकटा ट्रॅक जरा उघडा वाटला पाहिजे. दोन टेक एकत्र आले की तो उघडेपणा भरतो, चार टेक असतील तर आणखी भरतो. आधीच तुडुंब भरलेला आवाज दुप्पट केला की पिकचा फटका दिसेनासा होतो, आणि फटका नसेल तर वजनही नाही. परीक्षा सोपी आहे: तीन स्वरांची कॉर्ड वाजवा. तिन्ही स्वर वेगळे ऐकू येत असतील तर गेन ठीक आहे.

५. पहिला टेक

अख्खं गाणं एका दमात वाजवायची काही गरज नाही. इंट्रो, व्हर्स, कोरस, ब्रेकडाउन असे तुकडे पाडा आणि तुकड्यागणिक पक्कं करा. एका तुकड्याचा डावा टेक झाला की लगेच त्याच तुकड्याचा उजवा घ्या. हाताला तेव्हा तोच जोर, तोच कोन, तेच पाम म्यूट आठवत असतात. डावीकडचं सगळं आज आणि उजवीकडचं पुढच्या रविवारी असं केलंत, तर दोन बाजूंना दोन वेगळे मूड येतात.

किती काटेकोर म्हणजे काटेकोर? १८० च्या टेम्पोला (मिनिटाला १८० ठोके) सोळाव्या मात्रेची, म्हणजे ठोक्याच्या चौथ्या भागाची, लांबी ८३ मिलिसेकंद असते. त्यात तुमचे दोन टेक ३० मिलिसेकंद मागेपुढे असले, तर एका फटक्याचे दोन फटके ऐकू येतात आणि रिफ अडखळतो. दहाएक मिलिसेकंदांचा फरक मात्र चालतो. रुंदी त्याच्यातूनच येते. संथ, डूम धाटणीच्या गाण्यात अजून थोडी सूट मिळते.

काही गोष्टी आधी ठरवून टाका आणि लिहून ठेवा. कुठले स्ट्रोक सगळे खाली, कुठे खाली-वर. पाम म्यूट किती दाबून. स्लाइड कुठे सुरू होते. कॉर्ड किती मात्रा धरायची आणि कुठे तोडायची. सुरुवातीकडे सगळ्यांचं लक्ष असतं, पण दोन टेक उघडे पडतात ते थांबण्याच्या जागी. रिफ एकदम थांबतो तिथे डावी गिटार थांबली आणि उजवी अर्धी मात्रा रेंगाळली, की सगळा दणका गेला. मी तर थांबण्याच्या जागांसाठीच वेगळा सराव करायला सांगतो: क्लिकवर फक्त कॉर्ड मारायची आणि तोडायची.

चूक झाली तर मागे जाऊन तेवढंच पुन्हा घ्या, पण निदान दोन बार आधीपासून वाजवत या. नेमक्या चुकीच्या जागी सुरुवात केली, तर मागच्या स्वराची शेपटी तुटते आणि जोड ऐकू येतो.

६. दुसरा टेक: कॉपी करू नका

सर्वांत मोठा सापळा इथेच आहे. पहिला ट्रॅक कॉपी करून एक डावीकडे आणि एक उजवीकडे टाकला, तर रुंदी येत नाही. दोन्ही कानांत एकच गोष्ट पोचली की कान ती मधोमध ठेवतात. तुम्हाला मिळतो तो पहिलाच मोनो ट्रॅक, फक्त मोठ्या आवाजात.

मग कुणीतरी यूट्यूबवर बघून कॉपी १५ मिलिसेकंद पुढे सरकवतो. हेडफोनवर क्षणभर रुंद वाटतं. पण आधी वाजणाऱ्या बाजूकडे सगळं चित्र कलतं, आणि दोन्ही बाजू मोनोत एकत्र आल्या की काही फ्रीक्वेन्सी एकमेकींना खाऊन टाकतात. १५ मिलिसेकंदांच्या फरकाला ३३, १००, १६७ हर्ट्झ आणि पुढे तशाच अंतराने खड्डे पडत जातात. १०० हर्ट्झ म्हणजे तुमच्या पाम म्यूटचं पोट. फोनवर किंवा छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर गिटार नळातून आल्यासारखी वाजते, ती यामुळे.

एकच टेक दोन वेगवेगळ्या अँपमधून काढून डावं-उजवं करणं हाही त्यातलाच प्रकार. थोडा फरक पडतो, पण फटके दोन्हीकडे अगदी एकाच क्षणी पडत असल्याने ते मधेच राहतात. एका अँपसमोर दोन माइक लावले, तरी तो टेक एकच.

कोल्हापूरच्या देवल क्लबला शास्त्रीय मैफलीला गेलात, तर गायकाच्या मागे दोन तानपुरे दिसतील, एका अंगाला एक, दुसऱ्या अंगाला दुसरा. दोन्ही मिरजेचे असतील, दोन्ही एकाच षड्जात लावलेले असतील. पण भोपळे दोन, वाजवणारी माणसं दोन, तारेवर बोट पडायची वेळ कणभर मागेपुढे. गायकाच्या भोवती जो भरीव आवाज तयार होतो, तो एकाच तानपुऱ्याचा आवाज वाढवून येणार नाही. आपल्याला गिटारचं तेच करायचंय.

तर दुसरा टेक कसा घ्यायचा. पहिला टेक पूर्ण डावीकडे टाका, आवाज कमी करा. स्वतःची गिटार पूर्ण उजवीकडे घ्या. ड्रम मधे, जरा मोठे. पहिला टेक मधोमध ठेवून त्यावर वाजवलंत, तर दोन्ही आवाज एकमेकांत मिसळतात आणि आपण चुकतोय हेच कळत नाही. आधीचा टेक तुमच्या चुका झाकून टाकतो. तरीही त्याच्या मागे मागे फरपटत जायला होत असेल, तर तो पूर्ण बंद करा आणि फक्त ड्रमवर वाजवा. ताल ड्रमकडून घ्यायचा, आधीच्या गिटारकडून नाही.

उजवीकडे वेगळी गिटार किंवा वेगळा अँप वापरावा का? वापरता येतो आणि रुंदी थोडी वाढते. पण नवख्याला मी एकच गिटार, एकच अँप सुचवतो. दोन्ही बाजू आपोआप समतोल राहतात. पुढच्या गाण्याला हवे ते प्रयोग करा.

दोन गिटारिस्ट असतील तर कोण वाजवणार?

हा तांत्रिक प्रश्न कमी, घरगुती भांडणाचा जास्त. डावी बाजू तुझी, उजवी माझी, हे न्याय्य वाटतं. पण वेगवान, म्यूटने भरलेल्या रिफमध्ये दोन माणसांचे हात क्वचितच एकसारखे पडतात: एकाचा हात जड, दुसऱ्याचा हलका, एक क्लिकच्या पुढे धावणारा, दुसरा मागे रेलणारा. मेटालिकात दोन गिटारिस्ट असूनही १९८० च्या दशकातल्या रेकॉर्डवरची ऱ्हिदम गिटार मुख्यतः जेम्स हेटफील्डने एकट्याने थरावर थर चढवून वाजवली. कर्क हॅमेटची सोलो.

माझं मत: जिथे दोन्ही बाजूंना एकच रिफ आहे, तिथे ज्याचा उजवा हात जास्त पक्का त्याने दोन्ही टेक वाजवावेत. जिथे दोन गिटार मुळातच वेगळं वाजवतात, म्हणजे एक रिफ आणि एक वरचा सूर, तिथे ज्याचा भाग त्यानेच वाजवावा. रेकॉर्डिंगच्या दिवशी ठरवायला गेलात तर बँड फुटेल. चहाच्या टपरीवर, आधीच ठरवा.

७. पॅन

दोन टेक आहेत? एक १०० टक्के डावीकडे, एक १०० टक्के उजवीकडे. नवे लोक इथे घाबरतात आणि ५०-६० वर ठेवतात. मग गिटार गाणाऱ्याच्या अंगावर येते, स्नेअरला झाकते आणि रुंदीही मिळत नाही. मधली जागा किक, स्नेअर, बास आणि आवाजासाठी मोकळी ठेवायची असते. सोलोही तिथेच येणार आहे.

दोन्ही बाजूंचा समतोल मीटरवर बघून लावू नका. दोन टेकची लेव्हल सारखी असली, तरी ज्यात वरचा पट्टा जास्त तो मोठा वाटतो. कानाने लावा आणि मग हेडफोन उलटा घाला, डावा उजव्या कानावर. जड बाजू आता दुसऱ्या कानाकडे गेली, तर दोष मिक्समध्ये किंवा हेडफोनमध्ये आहे. त्याच कानात राहिली, तर मिक्सला हात लावू नका, कान तपासून घ्या.

पॅन हे मांडणीचंही हत्यार आहे. इंट्रोला रिफ फक्त डावीकडे एकटा वाजू द्या, आणि ड्रम पडले की उजवीकडची गिटार आत आणा. काही न वाढवता गाणं दुप्पट मोठं वाटतं. सगळं गाणं पहिल्या सेकंदापासून पूर्ण रुंद असेल, तर कोरसला मोठं व्हायला जागाच उरत नाही.

८. चार ट्रॅक कधी

दोन टेक नीट जुळत नसतील, तर चार करून ते जुळणार नाहीत. चिखल मात्र होईल. हे पटलं असेल तर पुढे वाचा.

चार ट्रॅक म्हणजे चार वेगळे टेक. पहिली जोडी १०० वर, दुसरी जोडी ८० च्या आसपास आणि चारसहा डेसिबल खाली. दुसऱ्या जोडीचा गेन पहिल्याहूनही कमी ठेवा आणि इथे अँप वेगळा चालतो, किंबहुना चांगला वाटतो. संथ, लांब कॉर्डचे कोरस, ब्रेकडाउन, मोठे शेवट यांना चार ट्रॅक शोभतात. वेगवान सोळाव्या मात्रांच्या रिफला बहुतेकदा दोनच चांगले. चार हात तितके जुळणं अवघड आणि फटक्याची धार बोथट होते.

माझी आवडती तोड अशी: व्हर्सला दोन, कोरसला चार, आणि दुसऱ्या जोडीत तोच रिफ न वाजवता त्याच कॉर्ड वरच्या जागी धरायच्या. खाली वजन राहतं, वर उघडेपणा येतो, आणि कोरस आल्यावर ऐकणारा म्हणतो, जाळ अन् धूर संगटच!

९. कापाकापी

डीआयच्या ट्रॅकवर करा. अँपमधून निघालेली लाट सपाट विटेसारखी दिसते, फटका कुठे पडला ते कळत नाही. डीआयमध्ये प्रत्येक फटका टोकदार दिसतो. कापायचं ते फटक्याच्या किंचित आधी, आणि जोडावर काही मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक तुकडा विरत दुसरा चढत जाणं). प्रत्येक स्वर ग्रिडला चिकटवत बसू नका. कान ज्याला अडखळतो तेवढंच हलवा. रिफ थांबतो तिथली हाताची खरखर दोन्ही बाजूंनी एकाच जागी कापा.

१०. ईक्यू, आणि बासशी तडजोड

सगळे ऱ्हिदम ट्रॅक एका बसमध्ये (अनेक ट्रॅक एकत्र येतात तो सामायिक चॅनेल) गोळा करा आणि ईक्यू (इक्वलायझर, ठरावीक फ्रीक्वेन्सी कमी-जास्त करणारा) तिथेच लावा. ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं कापा, वरचं ९-१० किलोहर्ट्झच्या पुढचं कापा. ड्रॉप सी मधल्या सहाव्या तारेचा मूळ स्वर ६५ हर्ट्झला असतो, मग तो का कापायचा? कारण तिथे बास गिटार आहे. ऐकणाऱ्याला जे गिटारचं वजन वाटतं, त्यातलं पुष्कळसं बासचं असतं. बास नीट वाजवलेला नसेल तर गिटारचे आठ ट्रॅक केलेत तरी गाणं पोकळच राहील. बासला थोडं डिस्टॉर्शन द्या, तो गिटारला चिकटतो.

पाम म्यूटवर १०० ते २५० हर्ट्झमध्ये धप्प असा फुगारा येतो. तिथे सरसकट ईक्यूने कापलं, तर मोकळ्या कॉर्ड पातळ होतात. त्याऐवजी तेवढ्याच पट्ट्यावर मल्टिबँड कॉम्प्रेसर (ठरावीक पट्टा फुगला तरच दाबणारा) लावा आणि फुगाऱ्यावर तीनचार डेसिबल दाबला जाईल असा ठेवा. ३ ते ६ किलोहर्ट्झमध्ये शिट्टीसारखा स्वर टोचत असेल, तर अरुंद कट द्या. एकदोन पुरेत. सात कट द्यावे लागत असतील तर आयआर चुकलाय.

हे करताना सोलोचं बटण दाबू नका. एकटी ऐकली की कापलेली गिटार किडकिडीत वाटतेच. आणि बसवर स्टीरिओ वायडनर नको. दोन खरे टेक आहेत, अजून रुंद काय करणार?

११. ऐकून तपासा

मास्टरवर मोनोचं बटण दाबा. गिटार थोडी मागे जाणार, ते ठीक आहे. बाजूला टाकलेलं मधल्या गोष्टींच्या मानाने मोनोत साधारण ३ डेसिबल खाली जातंच. पण ती पोकळ किंवा नाकात बोलल्यासारखी झाली, तर कुठेतरी कॉपी केलेला ट्रॅक राहिलाय. मग फोनच्या स्पीकरवर, गाडीत, आणि मित्राच्या खोलीत ऐका. आवाज कमी ठेवून ऐका. मोठ्या आवाजात सगळंच हेवी वाटतं. गणपतीच्या मिरवणुकीत डॉल्बीसमोर उभे राहून आलात, तर त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी मिक्सला बसू नका. कान दमलेले असतात आणि तुम्ही वरचा पट्टा हमखास जास्त चढवाल.

१२. मिक्सिंगला बाहेर देणार असाल तर

पुण्या-मुंबईच्या कुणाला फाइली पाठवणार असाल, तर हे सगळं एका फोल्डरमध्ये द्या:

- प्रत्येक टेकचा कोरडा डीआय, २४ बिट वेव्ह फाइल, मोनो.
- तुमच्या अँपच्या आवाजातली तीच फाइल वेगळी, म्हणजे तुम्हाला काय हवंय ते समोरच्याला कळतं.
- सगळ्या फाइली गाण्याच्या शून्य सेकंदापासून सुरू होणाऱ्या, मधे कितीही शांतता असली तरी.
- नावं स्वच्छ: "ऱ्हिदम डावा १", "ऱ्हिदम उजवा १". "फायनल नवा खरा २" असली नावं नकोत. काही सॉफ्टवेअर देवनागरी नावांवर अडतात, म्हणून पाठवताना तीच नावं रोमन लिपीत द्या.
- टेम्पो, ट्यूनिंग आणि सॅम्पल रेट लिहिलेली एक टेक्स्ट फाइल.
- तुमचं स्वतःचं कच्चं मिक्स, पॅन केलेलं.

पाठवण्याआधी हा फोल्डर नव्या, रिकाम्या सेशनमध्ये ओढून एकदा वाजवून बघा. सगळे ट्रॅक पहिल्या बारपासून जुळले, तरच लिंक पाठवा. आणि डीआयची एक प्रत वेगळ्या ड्राइव्हवर ठेवा.